सांभाळून घेणारे

गेल्या गुरुवारी कँटीनमध्ये शेजारच्या टीमची लीड माझ्यासमोर चहा घेऊन बसली. नुकतीच लीड झालीये, वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. कामाचं बोलून झालं, मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणत म्हणाली, "एक विचारायचं होतं. माझ्या टीममध्ये एक जण आहे. कामाला एकदम हुशार. पण सोमवारी हमखास दांडी. आला तरी डोळे लाल, तोंडात सतत बडीशेप. परवा क्लायंटच्या कॉलवर त्याची जीभ इतकी अडखळायला लागली की मीच त्याला म्यूट केलं आणि 'त्याच्याकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे' असं सांगून टाकलं. मी घेतेय सांभाळून.. पण किती दिवस घेऊ?"

सांभाळून घेणं! काय मायाळू शब्द आहे बघा. नव्या सुनेला सासू सांभाळून घेते (निदान मालिकेच्या पहिल्या भागात तरी), गवयाचा सूर हलला तर पेटीवाला सांभाळून घेतो, गावाकडून शिकायला आलेल्या पोराला मामा सांभाळून घेतो. या शब्दात काही वाईट असू शकतं हे बरीच वर्षं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिला मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. 'विचार करून सांगतो' म्हणालो आणि चहा संपवून उठलो. खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही नव्हतंच. हेच काम मी स्वतः दोन वर्षं केलंय, आणि तिच्यापेक्षा कितीतरी सफाईने केलंय. त्यात एक माणूस माझ्या हातून मरता मरता वाचला. आज शनिवार आहे, घरात शांतता आहे, तर ते सगळं एकदा लिहूनच काढतो.

त्याला आपण 'क्ष' म्हणू. (इंजिनिअर माणसाला याहून चांगलं नाव सुचत नाही!) क्ष माझा कॉलेजपासूनचा मित्र. २०११ साली हिंजवडीत आम्ही एकाच प्रोजेक्टवर आलो, मी लीड आणि तो सीनिअर डेव्हलपर. डेटाबेसच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चाळीस मिनिटं चालणारी क्वेरी चाळीस सेकंदांवर आणून ठेवायचा आणि वर 'त्यात काय एवढं' असा चेहरा. शुक्रवारी रात्री आम्ही सगळेच 'बसायचो'. बसायचो म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको :-) फरक एवढाच की आमचं शुक्रवारी सुरू होऊन शुक्रवारीच संपायचं, त्याचं रविवारी रात्री संपायचं. पुढे पुढे तेही नाही.

एका सोमवारी सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, त्यांना ताप आहे, आज येणार नाहीत." मी त्याचं काम दुसऱ्याला दिलं आणि सिक लीव्ह मंजूर करून टाकली. ताप नाही हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे वहिनींनाही माहीत होतं. तरी आम्ही दोघं तापाबद्दलच बोललो. क्रोसिन दिली का, डॉक्टरकडे नेणार का, पाणी भरपूर द्या.. अगदी व्यवस्थित!

मग ते अंगवळणी पडलं. क्लायंटला 'फॅमिली इमर्जन्सी', मॅनेजरला 'पाठदुखी', टीमला 'वर्क फ्रॉम होम'. एका वर्षात त्याचे दोन काका वारले, त्यातला एक आधीच्या वर्षीही वारला होता. एचआरच्या लक्षात आलं नाही हे नशीब. त्याने अर्धवट टाकलेला कोड रात्री मी पूर्ण करायचो. त्या वर्षी अप्रेजलमध्ये त्याला चांगलं रेटिंग मिळालं. का नाही मिळणार? अर्धं काम माझं होतं.

आणि या धंद्यात मी एकटा नव्हतो. नंतर मी एकदा कागदावर मांडून बघितलं. रात्री त्याला लिफ्टपर्यंत धरून नेणारा सोसायटीचा वॉचमन. 'क्रेडिट कार्डाचं बिल चुकून राहिलंय' म्हटल्यावर गावाहून पेन्शनमधले पैसे पाठवणारी आई. गालावरचा वळ 'बाथरूममध्ये घसरले' म्हणून सांगणाऱ्या वहिनी. 'बाबा दमलेत, झोपू दे त्यांना' हे ऐकून ऐकून पाचव्या वर्षीच बाबाच्या खोलीबाहेर चप्पल न वाजवता चालायला शिकलेली मुलगी. एकूण सात-आठ माणसं होतो आम्ही. एका माणसाला सुखाने पिता यावं म्हणून सात-आठ माणसं बिनपगारी राबत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण त्याला वाचवतोय.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मी हे निव्वळ मैत्रीखातर करत होतो का? नाही. रिलीज तोंडावर होतं आणि त्याच्या तोडीचा दुसरा माणूस मिळणार नव्हता, हे एक. दुसरं, समोर बसवून 'तू फार पितोस' असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. मग शुक्रवारच्या बैठकीचं काय, माझ्या स्वतःच्या ग्लासाचं काय, असे प्रश्न आले असते. आणि तिसरं जरा लाजिरवाणं आहे. सांभाळून घेणाऱ्याला आपण फार चांगले आहोत असं वाटत राहतं. ती पण एक नशाच आहे.

यात आपल्या वर्गाची एक खास अडचण आहे. आपल्या डोक्यात बेवड्याचं एक ठरलेलं चित्र असतं. गुत्त्याबाहेर गटारात पडलेला, दाढी वाढलेला, बायकोचं मंगळसूत्र विकणारा. इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड अडकवून जो माणूस पावणेदहाला बसमध्ये चढतो तो व्यसनी कसा असेल? पगार येतोय, ईएमआय जातोय, म्हणजे सगळं ठीक. पगार हेच आपलं थर्मामीटर. पण शिकलेल्या माणसाच्या बाबतीत नोकरी बऱ्याचदा सगळ्यात शेवटी जाते, कारण पिण्यासाठी पैसे तिथूनच येत असतात. तिला तो जिवापाड जपतो. आधी जातं ते घर. आधी झोप जाते, मग मुलीच्या शाळेतलं गॅदरिंग जातं, मग बायकोशी बोलणं, मग आरसा. पगाराची स्लिप बघून यातलं काही कळत नाही.

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. प्रोग्रॅममध्ये कुठे चूक होण्याची शक्यता असेल तर ती पकडायची सोय असते, ट्राय-कॅच म्हणतात तिला. चूक पकडली की तिची नोंद करायची, कोणाला तरी कळवायची, काहीतरी उपाय करायचा. पण घाईत असलेला प्रोग्रॅमर काय करतो? कॅच लिहितो आणि आत काहीच लिहीत नाही. चूक होते, गिळली जाते, प्रोग्रॅम पुढे चालत राहतो. स्क्रीनवर सगळं छान दिसतं. आत मात्र चुकीचा डेटा साठत जातो आणि सहा महिन्यांनी एका रात्री सगळं एकदम बसतं. तेव्हा सुरुवात कुठे झाली हेही सापडत नाही. ज्युनिअर मुलांना असा रिकामा कॅच सापडला की मी भयंकर झापतो. आणि क्ष च्या बाबतीत दोन वर्षं मी स्वतः तेच होतो, एक रिकामा कॅच.

बरं, हे आयटीवाल्यांनी काढलेलं नवीन खूळ आहे असंही नाही. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या महिन्याभरात गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर आणलं. त्यातला सुधाकर कोण आहे? हुशार, तरुण वकील. म्हणजे त्या काळचा तुमच्या-माझ्यासारखाच माणूस. कामाच्या ठिकाणी अपमान होतो, सनद निलंबित होते आणि त्याचाच कारकून असलेला तळीराम पहिला प्याला हातात देतो. तळीरामाचं 'आर्यमदिरामंडळ' म्हणजे तर आमची शुक्रवारची टीम पार्टीच! शाळेत आपल्याला शिकवलं की हे नाटक दारूच्या दुष्परिणामांवर आहे. आहेच. पण आता वाचताना मला त्यात सिंधू जास्त दिसते. ती दळण दळते, उपाशी राहते, माहेरची श्रीमंती नाकारते, आणि शेवटी मरणाच्या दारातही नवऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून फौजदाराला खोटं सांगते. शंभर वर्षं आपण त्या पतिव्रतेसाठी रडतोय. रडावंच. पण 'सिंधूला सांभाळून घ्यायला कोणी का नव्हतं?' हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारला नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. बायको लपवते आणि टीम लीड लपवतो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिच्यामागे घराचा हप्ता असतो, मुलं असतात, 'तूच नीट सांभाळलं नाहीस' म्हणणारे दोन्हीकडचे नातेवाईक असतात आणि कधी कधी मार असतो. ती लपवते ती जगण्यासाठी. तिला दोष देणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याच्या स्टाईलवरून बोलण्यासारखं आहे. मला बोलायचंय ते ज्यांना पर्याय होता अशांबद्दल. म्हणजे माझ्याबद्दल.

तर २०१३ च्या जुलैमध्ये प्रॉडक्शनवर एक मोठी गडबड झाली. क्ष ऑन-कॉल होता आणि फोन उचलत नव्हता. मी त्याच्या वाकडच्या फ्लॅटवर गेलो तेव्हा जे बघितलं ते इथे लिहीत नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली. आणि भ्यालेला इंजिनिअर जे करतो तेच मी केलं. प्लॅन बनवला! १५ ऑगस्ट गुरुवारी येत होता. शुक्रवारची सुट्टी टाकली की चार दिवसांचा मोठा वीकेंड. वहिनी आणि मुलगी नाशिकला माहेरी. मी क्ष ला माझ्या घरी आणायचं, दाराला कुलूप, घरात एक थेंब नाही, चार दिवस लिंबू सरबत, पत्ते आणि जुने सिनेमे. सोमवारी माणूस साफ. तोही तयार झाला, अगदी रडून वगैरे मिठी मारली. बुधवारी रात्री शेवटची घेतली.

गुरुवारी दुपारपासून त्याचे हात इतके थरथरायला लागले की कप धरता येईना. घामाने शर्ट पिळून काढावा असा. रात्रभर झोप नाही. मला वाटलं, चाललंय ते बरोबरच चाललंय, विष बाहेर पडतंय. शुक्रवारी पहाटे स्वयंपाकघरात धाडकन आवाज आला. जाऊन बघतो तर क्ष फरशीवर, डोळे वर गेलेले, सगळं अंग ताठ होऊन झटके देतंय, तोंडातून रक्त. जीभ चावली होती. आणि कुलपाची किल्ली मी 'त्याला सापडू नये' म्हणून इतकी छान लपवली होती की मलाच दोन मिनिटं आठवेना. ती दोन मिनिटं मी कधीही विसरणार नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?" बस, एवढंच. मग त्यांनी जे समजावलं ते प्रत्येकाला माहीत असायला हवं म्हणून लिहितो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीची सवय करून घेतो, आणि ती गुंगी ओढून काढायला उलट्या दिशेने जोर लावून बसलेला असतो. दारू एकदम बंद केली की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या प्याल्यानंतर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस जाऊ शकतो. म्हणून रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली, झटके रोखणाऱ्या गोळ्या हळूहळू कमी करत आणि ब-१ जीवनसत्त्व देत सोडवतात. कुलूप लावून नव्हे. लिंबू सरबताने तर नव्हेच.

तेव्हाच वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली. लोकलच्या डब्यात, पेपरच्या कोपऱ्यात तुम्ही जाहिराती बघितल्या असतील, 'त्यांच्या नकळत दारू सोडवा'. तसली एक पावडर त्या तीन महिने वरणातून देत होत्या. त्यात काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं औषध खरंच आहे, ते घेऊन वर दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. पण ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचं औषध आहे. न सांगता दिलं आणि तो नेहमीसारखा चार पेग लावून बसला, तर जिवावर बेतू शकतं. बघा, आधी आम्ही त्याचं पिणं जगापासून लपवत होतो. मग त्याचा उपचार त्याच्यापासूनच लपवायला लागलो!

मग करायचं काय? 'सांभाळून घेऊ नका' म्हटलं की लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. हाकला त्याला, तोडा संबंध, आपटला की आपोआप शुद्धीवर येईल. मीही काही दिवस तसाच विचार केला. पण आपटल्यावर उठतातच असं नाही, काही जण तिथेच संपतात.

आपल्याकडे या गोष्टीचा अनुभव असलेली माणसं पुण्यातच आहेत. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पोरांना खाऊन टाकत होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी ते वाचून पैसे उभे केले, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. गर्दुल्ल्यांसाठी सुरू झालेल्या त्या केंद्रात पुढे दारूचे पेशंट मोठ्या संख्येने यायला लागले. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की तिथे पेशंटच्या बायकांचाही गट आहे. म्हणजे आजार एकाला, पण उपचार घरातल्या सगळ्यांना. २००९ पासून तिथे खास व्यसनी स्त्रियांसाठीही विभाग आहे. बाई पीत असेल तर घरचे जास्तच लपवतात, त्यामुळे ती दवाखान्यापर्यंत पोचायला आणखी उशीर होतो.

अमेरिकेत १९५१ सालीच अल्-अॅनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट निघाला, त्याच्या बैठका आपल्याकडेही होतात. त्यांचं म्हणणं असं की पिणाऱ्याचं पिणं घरच्यांमुळे सुरू झालेलं नाही आणि ते त्यांना आवरताही येणार नाही, तेव्हा आधी स्वतःचं आयुष्य परत मिळवा. पुढे न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मेयर्स वगैरे मंडळींनी घरच्यांना शिकवायची 'क्राफ्ट' नावाची पद्धत काढली. त्यात भांडण नाही, धमकी नाही. तो शुद्धीत असेल तेव्हा जवळ जायचं, कौतुक करायचं, सोबत जेवायचं. प्यालेला असेल तेव्हा शांतपणे बाजूला व्हायचं आणि त्याच्या पिण्याचे परिणाम त्याचे त्यालाच भोगू द्यायचे. मारझोड होण्याची शक्यता असेल तर आधी स्वतःची सुटका बघायची. आणि तो 'कंटाळलो यार' असं म्हणेल त्या क्षणी डॉक्टरची वेळ तयार ठेवायची. १९९९ साली १३० नातेवाईकांवर झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीने ६४ टक्के माणसं उपचाराला आली. सगळ्यांनी मिळून समोर बसवून फैलावर घ्यायच्या पद्धतीने ३० टक्के, आणि अल्-अॅनॉनच्या वाटेने १३ टक्के. (अल्-अॅनॉनचा उद्देश मुळात घरच्यांनी सावरावं हा आहे, त्याला उपचाराला नेणं हा नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.)

थोडक्यात, सांभाळून घ्यायचंच, पण माणसाला. त्याच्या पिण्याला नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. करायला माझी दोन वर्षं आणि एक फरशीवरचं रक्त गेलं.

आणि हे फक्त माझ्या मित्रापुरतं नाही हो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरना उडवलं, आठवतंय ना? आपल्यासारखीच नोकरी करणारी मुलं. गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात होती, आणि पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि आईवडिलांना अटक झाली. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण ती बातमी वाचून सगळे संतापले तेव्हा मला माझी सिक लीव्हची मंजुरी आठवली. पायरी फार वेगळी आहे, मान्य. पण जिना तोच आहे.

आकडाच हवा असेल तर हा घ्या. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात असं दिसलं. पैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांचं पिणं मदत घ्यावी अशा पातळीला गेलेलं. आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांमागे फक्त एकाला कसलाही उपचार मिळालेला. उरलेले सदतीस कुठे असतात? कोणीतरी सांभाळून घेतंय त्यांना.

ड्रग्जच्या बाबतीत तर लपवायला पोलिसांच्या भीतीचं कारणही मिळतं. एमडी घेणाऱ्या पोराच्या आईवडिलांना वाटतं, डॉक्टरकडे नेलं की थेट तुरुंग. पण एनडीपीएस कायद्यातच कलम ६४अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि तो पूर्ण केला, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे कलम आईवडिलांपर्यंत पोचतच नाही.

आपल्या कंपन्यांनाही दोन शब्द. क्ष बद्दल मी शेवटी खरं सांगायला गेलो तेव्हा मॅनेजर कळवळून म्हणाला, "बिनपगारी रजा देऊ रे, पण कारण 'फॅमिली इमर्जन्सी' टाक." बिचाऱ्याने आपल्या परीने मदतच केली. पण बायपास झालेल्या माणसाला आपण रजेचं खोटं कारण लिहायला सांगतो का? खरं सांगणं म्हणजे चव्हाट्यावर मांडणं नव्हे. टीमला कळायची गरज नाही, क्लायंटला तर नाहीच. पण ज्या एका-दोघांना कळायला हवं त्यांना, त्याच्या समोर, खरं कळावं. आणि पार्टीत न पिणाऱ्याला 'एकाने काय होतंय' म्हणणं आपण सगळ्यांनी जरा बंद करूया. एकाने काय होतं ते मी बघितलंय.

क्ष चं पुढे काय झालं? गोड शेवट हवा असेल तर तसा नाही. उपचार घेतले, सात महिने राहिला, पुन्हा प्यायला. २०१४ मध्ये नोकरी गेली. वहिनी मुलीला घेऊन नाशिकला गेल्या, दीड वर्ष. पुन्हा केंद्र, पुन्हा घसरण. व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरतात, दमा किंवा रक्तदाबाच्या पेशंटचा त्रास औषधं सोडल्यावर पुन्हा उसळतो त्याच मापाचं. रक्तदाब वाढला म्हणून आपण कोणाला 'दगा दिलास' म्हणत नाही, पण क्ष ला मीही म्हटलं होतं. २०१६ च्या गणपतीपासून मात्र त्याने घेतलेली नाही. छोट्या कंपनीत आहे, पगार तेव्हाच्या मानाने बेताचा. वहिनी परत आल्या. मुलगी आता चप्पल वाजवत चालते, चांगली आपटत.

मध्ये एकदा बाणेरच्या टेकडीवर चढता चढता मी त्याला म्हणालो, "तेव्हा मॅनेजरला सांगितलं म्हणून अजून राग आहे का रे?" तो जरा दम खाऊन म्हणाला, "त्याचा नाही. आधीची दोन वर्षं मला रजा मंजूर करत होतास ना, त्याचा आहे."

असो. काल संध्याकाळी त्या लीडला गाठून सगळं सांगितलं. म्हटलं, आजपासून त्याच्यासाठी एकही खोटं बोलू नकोस. सोमवारी नको, तो शुद्धीत असेल अशा दिवशी त्याला एकट्याला घे. 'तू बेवडा आहेस' म्हणू नकोस, जे घडलं ते तारखेसकट सांग. यापुढे मी लपवणार नाही हे सांग, आणि त्याच दमात डॉक्टरकडे सोबत येते हेही सांग. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही फुकट आहेत, लिहून दे. आणि उद्यापासून एकदम बंद कर, असं चुकूनही सांगू नकोस.

तिने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. मग विचारलं, "आणि तो माझ्यावर चिडला तर?"

म्हटलं, "चिडेल. चिडू दे."